सोफियातली पंचेचाळीस मिनिटं : मथायस डे लिख्तची सुरुवात

रेषेबाहेर

डच बचावपटू मथायस डे लिख्तचं नाव निघालं की गप्पा थेट तुरीनला पोचतात. १६ एप्रिल २०१९, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, ६७वं मिनिट, लासे शोनचा कॉर्नर, आणि युव्हेंटसच्या बचावपटूंच्या गर्दीत उडी घेऊन एकोणीस वर्षांच्या कप्तानानं कपाळानं हाणलेला चेंडू. आम्स्टरडॅमचं अयाक्स २, तुरीनचं युव्हेंटस १, रोनाल्डो स्पर्धेबाहेर. त्या गोलवर इतकं लिहून झालंय की त्यात भर घालण्यात अर्थ नाही.

मला लिहायचंय ते २५ मार्च २०१७ च्या रात्रीबद्दल. ठिकाण सोफिया, बल्गेरिया विरुद्ध नेदरलँड्स, विश्वचषकाची पात्रता फेरी. २०१६ची युरो स्पर्धा डच संघाची हुकलेलीच होती, त्यामुळे प्रशिक्षक डॅनी ब्लिंड यांच्या डोक्यावर टांगती तलवार. व्हर्जिल व्हॅन डाइक घोट्याच्या दुखापतीमुळे जानेवारीपासून बाहेर. अशा वेळी ब्लिंडनी स्टॉपर म्हणून, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, उतरवला सतरा वर्षांचा डे लिख्त. डच संघात १९३१ नंतर इतक्या लहान वयात कुणी खेळलं नव्हतं. बरं, क्लबकडून तरी किती खेळलेला? लीगच्या सामन्यात अयाक्सच्या पहिल्या अकरात त्याचं नाव आलं होतं ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्यांदा.

पाचव्या मिनिटाला बल्गेरियानं मागून एक लांब चेंडू उचलला. त्यात कारागिरी काही नव्हती, नुसता पुढे टोलवलेला. चेंडू हवेत असताना डे लिख्तचा अंदाज चुकला आणि तो त्याच्या पाठीमागे पडला. स्पास डेलेव्ह आधीच पळत सुटला होता. गोलकीपर झूटला काही करता आलं नाही. विसाव्या मिनिटाला डेलेव्हनंच दुसरा मारला. मध्यंतराला डे लिख्त बाहेर, वेस्ली हूट आत. सामना २-० नं गेला आणि दुसऱ्या दिवशी ब्लिंड यांची नोकरी गेली.

सतराव्या वर्षी पदार्पण, त्यात एक ढळढळीत चूक आणि वर देशाच्या प्रशिक्षकाची गच्छंती. यानंतर हा मुलगा वर्षभर कुठे दिसला नसता तरी कुणाला नवल वाटलं नसतं. पण २४ मे रोजी, म्हणजे दोनच महिन्यांनी, तो स्टॉकहोमजवळच्या सोल्नात युरोपा लीगचा अंतिम सामना खेळत होता, समोर मँचेस्टर युनायटेड. वय १७ वर्षं २८५ दिवस. युरोपातल्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तोवर इतका लहान खेळाडू उतरला नव्हता. अयाक्स तिथेही २-० नं हरलं, पोग्बा आणि मखितारियानचे गोल. पण त्या पराभवाचं खापर कुणी डे लिख्तवर फोडलं नाही.

मधल्या दोन महिन्यांत अयाक्सचे प्रशिक्षक पीटर बोस यांनी काय केलं? काही नाही. त्याला खेळवत राहिले. स्ट्रायकर चार संधी घालवतो, पाचवी मारतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो त्याचाच. स्टॉपरला ती सोय नाही. म्हणून माझं म्हणणं असं की तरुण स्टॉपर घडतो की बिघडतो, हे त्यानं घाण केल्यानंतरच्या रविवारी यादीत त्याचं नाव असतं की नाही यावर ठरतं. डे लिख्तच्या बाबतीत ते होतं. बाकी गुण वगैरे सगळं खरं, पण ते त्या वयाच्या बऱ्याच पोरांत असतात.

लिहा तुम्हाला काय वाटतं ते.

टाचेचा पास

वाचायला मजा आली. फक्त ब्लिंडना इतक्या स्वस्तात सोडू नका. सतरा वर्षांच्या मुलाला परदेशात, प्रेक्षक अंगावर येत असताना, जिंकलंच पाहिजे अशा सामन्यात पहिल्यांदा उतरवायचं आणि शेजारी मार्टिन्स इंडी. त्या संघातल्या मोठ्या खेळाडूंचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. पोराचा अंदाज चुकला हे कबूल, पण लांब चेंडू मारणाऱ्यावर दबाव टाकायला पुढे कोण होतं?

आणि नियतीची थट्टा बघा. पुढच्याच्या पुढच्या मोसमात डॅनी ब्लिंड यांचा मुलगा डेली मँचेस्टर युनायटेडमधून अयाक्सला परतला आणि डे लिख्तच्या डाव्या हाताला स्टॉपर म्हणून उभा राहिला. बापाच्या शेवटच्या सामन्यात चुकलेला मुलगा आणि त्या बापाचा मुलगा, या जोडीनं माद्रिद आणि तुरीन सर केलं. सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, काहीही दाखवतात.

खडूस काका

लेखन ठीक. पण हे "चुकल्यावरही खेळवत राहिले" प्रकरण मला फारसं पटत नाही. अयाक्स हा पोरं तयार करून विकायचा कारखाना आहे. सतराव्या वर्षी उतरवायचं, एकोणिसाव्या वर्षी विकायचं. त्याला मायेचा मुलामा कशाला?

उलट व्हॅन डाइक घ्या. ब्रेडाचा मुलगा, विलेम टू क्लबच्या अकादमीत होता, सोबत हॉटेलात भांडी घासायचा. ग्रोनिंगेननं २०१० मध्ये फुकटात नेला. तिथून सेल्टिक, मग साउदॅम्प्टन, मग लिव्हरपूल. डच संघात पहिला सामना चोविसाव्या वर्षी. आज दोघांत मोठा कोण? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. स्टॉपर मुरावा लागतो. सतराव्या वर्षी जगापुढे उभा करणं हा जुगार आहे, आणि अयाक्सचा एक जुगार लागला म्हणून तो शहाणपणा ठरत नाही.

उत्तरेश्वर

लई भारी धागा. कोल्हापुरात हाय म्हणून सांगतो, आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला स्टॉपरचं नाव कवा कळतंय? बॉल त्याच्या पायाखालनं गेला की. तोवर ऐंशी मिनिटं त्यानं काय केलं ते कुणाच्या ध्यानात नसतंय. आणि मग गॅलरीतनं जे ऐकू येतंय ते इथं लिहिण्यासारखं नाही.

काका, व्हॅन डाइकचं बरोबर हाय. पण त्यो मुरला म्हणजे कुठंतरी खेळून, चुकूनच मुरला की. फक्त तवा टीव्हीवर कुणी बघत नव्हतं. ग्रोनिंगेनात चुकला काय आणि सोफियात चुकला काय.

रेषेबाहेर

@उत्तरेश्वर, हेच म्हणायचं होतं.

@टाचेचा पास, त्या पहिल्या गोलबद्दल थोडं तांत्रिक. अयाक्सकडे स्टॉपर उभा राहतो तोच मुळात मध्यरेषेच्या आसपास. संघ हल्ला करत असतानाच मागच्या दोघांनी प्रतिस्पर्ध्याच्या स्ट्रायकरला चिकटून उभं राहायचं आणि चेंडू सुटला रे सुटला की पुढे घुसून तो काढायचा. डे लिख्तचा हा हातखंडा. चेंडू समोरच्याच्या पायात पोचायच्या आत हा तिथं हजर. पण या सवयीची दुसरी बाजू अशी की लांब चेंडू डोक्यावरून येतो तेव्हाही पहिलं पाऊल पुढेच पडतं. अशा चेंडूला आधी मागे सरकायचं असतं. पुढे यायला नंतरही वेळ मिळतो, मागे जायला मिळत नाही. सोफियात नेमकं हेच झालं. त्यात पाठीमागचं रान मोकळं आणि त्याचा वेग बेताचा.

पुढच्या दोन मोसमांतले सामने लागोपाठ बघितले तर हा बदल दिसतो. चेंडू उचलणाऱ्याचा पाय मागे गेला की हा आधी अर्धं वळतो, एक खांदा स्वतःच्या गोलकडे, एक समोर. त्यामुळे शर्यत लागलीच तर दोन पावलं आधी सुरू होते. वेग वाढला नाही, शर्यत लवकर सुरू करायला शिकला. ही गोष्ट राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून कशी शिकणार?

दुपारचं ऊन

फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, घरात मुलगा बघतो म्हणून बघते. पण हा मुलगा आला कुठून, लहानपणी कसा होता, ते कुणी लिहील का? मुलाला वाचून दाखवायचंय. तो बारा वर्षांचा आहे आणि त्याला संघात "तू हळू पळतोस" म्हणून मागे उभं करतात.

आम्स्टलकाठ

@दुपारचं ऊन, तुमच्या मुलासाठी तर ही गोष्ट अगदीच योग्य आहे.

मी आम्स्टलवेनला राहतो, त्यामुळे भूगोल तोंडपाठ आहे. डे लिख्तचा जन्म लायडरडॉर्पचा, १२ ऑगस्ट १९९९. वाढला अबकाउडेत. आम्स्टरडॅमहून उट्रेख्तकडे जाणारी लोकल गाडी स्टेडियमजवळचं स्टेशन सोडते आणि थोड्याच वेळात अबकाउडे येतं. कालवा, सायकली, बाजूला गायी, असं गाव. तिथल्या क्लबात हा खेळायचा. नवव्या वर्षी अयाक्सनं नेला.

अयाक्सची पोरं जिथं शिकतात त्या मैदानांचं नाव "दे टूकोम्स्ट", म्हणजे भविष्य. मोठ्या स्टेडियमपासून जवळच. शनिवारी सकाळी तिथं जा, आठ-नऊ वर्षांची पोरं खेळत असतात, आईबाप कुंपणाला टेकून कॉफी पीत असतात आणि समोर पहिल्या संघाचं स्टेडियम दिसत असतं. मुलाला वेगळं प्रोत्साहन द्यावं लागत नाही.

अयाक्स मुलं पारखताना चार गोष्टी बघतं : तंत्र, समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. यातली चौथी डे लिख्तकडे कमी होती. सुरुवातीला तो क्लबला जरा जाड आणि संथ वाटला होता. मधल्या फळीत खेळायचा, नंतर मागे आला. म्हणजे तुमच्या मुलासारखंच. फरक इतकाच की मागे उभं करणं ही तिथं शिक्षा मानत नाहीत. मागच्यानं खेळ सुरू करायचा असतो, त्यामुळे मधल्या फळीत पास द्यायला शिकलेला मुलगा मागे आला तर त्यांना हवाच असतो.

ऑगस्ट २०१६ मध्ये, सतरा पूर्ण व्हायच्या चार दिवस आधी, तो अयाक्सच्या दुसऱ्या संघाकडून एमेनविरुद्ध उतरला. हा दुसरा संघ २०१३ पासून देशाच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये मोठ्या माणसांशी खेळतो. काका, इथं लक्ष द्या : तुम्ही म्हणता तसं मुरवणं इथं होतं, फक्त लवकर होतं. तिशीतले धिप्पाड स्ट्रायकर, शुक्रवारची रात्र, ओलं मैदान, प्रेक्षक दोन-तीन हजार. तिथं कोपर खाल्लं की कळतं. मग २१ सप्टेंबरला पहिल्या संघाकडून डच कपात विलेम टूविरुद्ध पदार्पण, आणि २५व्या मिनिटाला कॉर्नरवर डोक्यानं गोल. अयाक्ससाठी त्याच्याहून लहान वयात गोल केलेला तोवर एकच होता, क्लारेन्स सेडॉर्फ.

दुपारचं ऊन

वाचून दाखवलं. "जाड आणि संथ" ला फार हसला. धन्यवाद.

टाचेचा पास

आम्स्टलकाठ, सुंदर. मला २०१७-१८ च्या मोसमाबद्दल वाचायला आवडेल. त्यावर कुणीच लिहीत नाही. सगळे २०१७ च्या अंतिम सामन्यावरून थेट २०१९ वर उडी मारतात.

रेषेबाहेर

लिहीत नाहीत कारण तो मोसम सुतकासारखा गेला. ८ जुलै २०१७ ला ऑस्ट्रियात वेर्डर ब्रेमेनशी सरावाचा सामना चालू असताना अब्देलहक नूरी हृदयाच्या बिघाडानं मैदानात कोसळला. वीस वर्षांचा मुलगा, मेंदूला कायमची इजा. आदल्या मोसमात डे लिख्त ज्या दुसऱ्या संघात होता त्याचा जीव म्हणजे नूरी होता, त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला होता. यावर जास्त लिहावंसं वाटत नाही. एवढंच की नूरीचा क्रमांक ३४, आणि २०१९ ला अयाक्सनं जिंकलेलं विजेतेपद क्लबचं चौतिसावं. खेळाडूंनी ते त्याच्या नावे केलं.

खेळाच्या बाजूनं बघितलं तर बोस डॉर्टमुंडला गेले. डे लिख्तचा जोडीदार डेव्हिन्सन सांचेझ टॉटनहॅमला गेला. नीसनं चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेतून काढलं, रोसेनबोर्गनं युरोपा लीगमधूनही. ऑगस्ट संपायच्या आत युरोप बंद. नवे प्रशिक्षक मार्सेल केझर, जे आदल्या वर्षी दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक होते, त्यांना डिसेंबरात काढलं. एरिक टेन हाग आले. एप्रिलमध्ये आइंडहोफेनला पीएसव्हीनं ३-० नं झोडून अयाक्सच्या डोळ्यांदेखत विजेतेपद घेतलं.

आणि या पडझडीत, मार्चमध्ये, टेन हागनी अठरा वर्षांच्या डे लिख्तला कप्तान केलं. क्लबच्या इतिहासात तोवर इतक्या लहान वयाचा कप्तान नव्हता.

या मोसमातला माझा सर्वांत आवडता भाग म्हणजे फ्रेंकी डे योंग स्टॉपर म्हणून त्याच्या शेजारी खेळला तो काळ. फ्रेंकी हा कागदावरच स्टॉपर. चेंडू मिळाला की एकाला हुलकावणी, दुसऱ्याला हुलकावणी, आणि बघता बघता गडी समोरच्यांच्या अर्ध्यात. मागे राहिला डे लिख्त एकटा. सामना बघताना माझा जीव टांगणीला लागायचा, पण हा मुलगा शांतपणे मधोमध सरकायचा, उजव्या बॅकला हातानं आत बोलवायचा, आणि फ्रेंकी परत येईपर्यंत दोघांचं काम एकटा करायचा. सामन्यामागून सामना हे चाललेलं. टेन हागनी कप्तानाची पट्टी दिली ती हे बघून, असा माझा कयास.

पावणेबारा

उशिरा आलो धाग्यावर. ८ मे २०१९ बद्दल, टॉटनहॅमविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीबद्दल, कुणी बोलणार की नाही? आपल्याकडे सामना रात्री साडेबाराला सुरू झाला. पाचव्या मिनिटाला डे लिख्तचा हेडर, पस्तिसाव्याला झियेश, दोन्ही सामने मिळून अयाक्स ३-० नं पुढे. आमच्या ग्रुपमधले निम्मे मध्यंतराला झोपले. सकाळी उठून मेसेज, "फायनलला अयाक्स ना?"

५५, ५९, आणि मग ९६. टॉटनहॅमचा लुकास मोउरा. शेवटचा गोलही पुन्हा लांब चेंडूवरच, सिसोकोनं मागून उचललेला, पुढे योरेंटेची धसमुसळ, डेले अलीचा हलका पास. अयाक्सची पोरं जिथं होती तिथंच आडवी झाली. मला रात्रभर झोप नाही.

खडूस काका

घ्या. म्हणजे दोन वर्षांनीही लांब चेंडूवरच गोल. आणि तो लांब चेंडू सुटायच्या आधी अर्धं वळायला शिकला होता म्हणता!

रेषेबाहेर

काका, मोउराच्या तिन्ही गोलांच्या वेळी अयाक्सची मधली फळी कुठे होती ते बघा. ३-० नं पुढे असताना तो संघ चौथा मारायला निघाला होता. झियेशचा एक फटका तर खांबाला लागून गेला. तो संघ वेळ काढायला शिकलाच नव्हता. याचं श्रेय टेन हागना आणि दोषही त्यांनाच.

माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे आहेत त्यानंतरचे दिवस. १५ मे ला डे ग्राफस्खापवर ४-१, लीग जिंकली. टॉटनहॅमच्या तीन दिवस आधी विलेम टूला ४-० नं हरवून कपही घेतला होता.

मग ६ जून, गिमाराइश, नेशन्स लीगची उपांत्य फेरी, समोर इंग्लंड. अर्ध्या तासाच्या सुमारास डे लिख्तचा चेंडूवरचा ताबा सुटला, रॅशफर्ड झपाट्यानं आला, यानं त्याला पाडलं, पेनल्टी, ०-१. सोफियासारखंच, जगापुढे घाण. डच प्रशिक्षक कूमननी मध्यंतराला त्याला बाहेर काढलं नाही. ७३व्या मिनिटाला कॉर्नरवर त्यानंच डोक्यानं बरोबरी केली आणि जादा वेळेत डच ३-१ नं जिंकले. एकाच मुलाच्या दोन चुका, दोन प्रशिक्षक. ब्लिंडना दोष द्यायचा नाही, ०-२ असताना माणूस काय करणार. पण फरक तर फरकच.

आम्स्टलकाठ

टॉटनहॅमवरून एक आठवलं. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्याआधी अयाक्सला विश्रांती मिळावी म्हणून डच फुटबॉल संघटनेनं एप्रिलच्या शेवटची लीगची अख्खी फेरी उचलून मे महिन्यात नेली. सगळ्यांची, फक्त अयाक्सची नाही. रॉटरडॅम आणि आइंडहोफेनच्या सहकाऱ्यांनी आमच्या ऑफिसातल्या अयाक्सवाल्यांना त्या आठवड्यात काय काय ऐकवलं! एवढं करून पहिला सामना घरच्या मैदानावर नव्हे, लंडनला, आणि तिथं मात्र १-० नं जिंकले.

टाचेचा पास

मुद्दा पटतोय, पण युव्हेंटसचं काय? तिथं गेल्यावर पहिले काही महिने बिचाऱ्याची शोभाच झाली की.

खडूस काका

शोभा म्हणजे काय, तमाशा. जुलै २०१९ मध्ये साडेसात कोटी युरो मोजले, वर कोटभर युरोंचे इतर खर्च. त्यांचा मुरलेला स्टॉपर कियेलिनीकडून हळूहळू शिकेल म्हणून आणला आणि ऑगस्टच्या शेवटी कियेलिनीचाच गुडघा गेला. दुसऱ्या दिवशी नापोलीशी सामना, हा थेट मैदानात. ३-० नं पुढे असलेला संघ ३-३ वर आला, शेवटी कुलिबालीच्या स्वयंगोलमुळे ४-३ नं वाचला. मग हाताला चेंडू लागण्याचे प्रकार. लेच्चेविरुद्ध त्यावरून पेनल्टी दिली. इटलीतले पेपर तुटून पडले.

इटलीतला बचाव गोलच्या जवळ उभा राहून, माणूस आणि जागा दोन्ही राखत खेळतो. अयाक्सला मध्यरेषेवर उभं राहून पुढे घुसायची सवय लावलेला मुलगा तिथं गडबडणारच. म्हणून म्हणतो, घाई झाली. अजून दोन वर्षं आम्स्टरडॅमला थांबायला हवं होतं. पण कारखान्याला माल विकायचा होता आणि एजंट रायोला होते.

उत्तरेश्वर

काका, पर त्याच मोसमात युव्हेंटसनं लीग जिंकली आणि हा बहुतेक मॅच खेळला. खांदा दुखावला हुता तरी खेळत हुता, मोसम संपल्यावर ऑपरेशन केलं. तोरिनोवरचा एकमेव गोल पण ह्याचाच, आणि ती डर्बी, म्हंजे एकाच गावच्या दोन क्लबांची मॅच. एवढ्या शिव्या खाऊन डर्बीत गोल म्हणजे काय खायचं काम नाही.

रेषेबाहेर

+१. काका, तुमचा खेळाच्या पद्धतीबद्दलचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला तिथं जुळवून घ्यायला वेळ लागलाच. पण प्रशिक्षक सारी आणि क्लबनं त्याला बसवलं नाही, हेही बघा. चुकल्यावर पुन्हा यादीत नाव, हा प्रकार इटलीतही चालू राहिला.

टाचेचा पास

काकांच्या कारखान्यावरून एक शंका. हे साडेसात कोटी इतके अचूक कसे कळतात? एरवी तर फुटबॉलमधले आकडे म्हणजे नुसत्या वावड्या.

आम्स्टलकाठ

कारण अयाक्स शेअर बाजारात नोंदवलेली कंपनी आहे, १९९८ पासून. युव्हेंटसही. एवढा मोठा व्यवहार झाला की बाजाराला रीतसर कळवावं लागतं : साडेसात कोटी युरो, पाच वर्षांत हप्त्यांनी. त्याच उन्हाळ्यात फ्रेंकीही बार्सिलोनाला साडेसात कोटींनाच गेला.

अजून एक गंमत. खेळाडू विकला जातो तेव्हा फिफाच्या नियमानं रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. वय १२ ते १५, प्रत्येक मोसमाला पाव टक्का, १६ ते २३, प्रत्येक मोसमाला अर्धा टक्का. डे लिख्त बारा ते एकोणीस अयाक्सलाच होता. म्हणजे चार मोसम पाव टक्क्यानं आणि चार अर्ध्या टक्क्यानं, एकूण तीन टक्के. २०२२ मध्ये युव्हेंटसनं त्याला बायर्नला ६ कोटी ७० लाखांना विकलं, तेव्हा या हिशेबानं साधारण वीस लाख युरो अयाक्सच्या वाट्याला येतात, तीन वर्षांपूर्वी विकून मोकळे झालेल्या पोरावर.

उत्तरेश्वर

आणि त्या गावच्या क्लबला? अबकाउडेला?

आम्स्टलकाठ

या निधीतून काही नाही. हिशेब बाराव्या वर्षापासून सुरू होतो, यांनी नवव्या वर्षी सोडला.

खडूस काका

बघा. नऊ वर्षांचं पोर उचललं, दोनदा पैसे केले आणि ज्यांनी पहिल्यांदा पायात बूट घातले त्यांना भोपळा. मी पहिल्या प्रतिसादात कारखाना म्हणालो तर सगळे अंगावर आलात. आता जोरेल हाटो. रॉटरडॅमचा मुलगा, स्पार्टाकडून उचलला, सतराव्या वर्षी कप्तानाची पट्टी, एकोणिसाव्या वर्षी चेल्सीला. साचा तोच, नाव बदला फक्त.

रेषेबाहेर

काका, पैशांवर वेगळा धागा काढा, तिथं मी तुमच्या बाजूनं लिहितो. हाटोवरही लिहायचंय, पण त्याचे चेल्सीचे सामने अजून नीट बघायचेत. तो डावखुरा, स्टॉपर आणि डावा बॅक दोन्ही खेळतो, त्यामुळे चुकला की प्रशिक्षकाला त्याला बाजूला सरकवायची पळवाट मिळते. डे लिख्तला कुणी बॅकवर सरकवू शकत नव्हतं, एकतर मधोमध नाहीतर बाकावर.